चौकशी आत करावी

“पयले डोये. बाकीचं जनावर मागून येते.”

असं म्हणून पेंटरचाचा चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीसमोर गुडघ्यावर बसायचे, ब्रश काळ्या रंगात बुडवायचे आणि कोऱ्या भिंतीवर नुसते दोन डोळे काढायचे. ना नाक, ना कान, ना शेपूट. मग मागे सरकून, मान तिरपी करून स्वतःच त्या डोळ्यांकडे बघायचे आणि पहिलीच्या पोरांना विचारायचे, “सांगा बरं, कोन पाहून राहिलं?”

तुम्ही कधी पहिलीच्या वर्गात असला प्रश्न टाकून बघा. छप्पर उडतं. “बकरी!” “माकड!” “आमची म्हैस!” “हेडसर!” हे शेवटचं नाव आलं की चाचा आधी दाराकडे बघून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, “त्यायले आता नाई. त्यायले काढाले टेबलावर चढा लागते.” ज्या नावाचा गलका सगळ्यात मोठा, ते जनावर त्या डोळ्यांभोवती उभं राहायचं. चाचांचं स्वतःचं मत काही नसायचं.

चाचा मूळचे बाळापूरचे, राहायला अकोटला. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे रंगाचे डबे, मागे कॅरिअरला बांधलेलं स्टूल, आणि पांढरी दाढी. त्या दाढीत रोज कुठला ना कुठला रंग लागलेला असायचा. सकाळी हिरवी दिसली तर समजायचं, पोपट झाला. सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. अकोल्याला जठारपेठेतल्या कितीतरी पाट्या आपल्या हातच्या आहेत, हे ते ओळख झाल्या झाल्या सांगायचे, आणि ओळख नसली तरी सांगायचे.

मी अमरावतीहून नवी नोकरी घेऊन अकोट तालुक्यातल्या त्या गावात आले होते. शाळा दोन मास्तरांची. एक हेडसर, एक मी. कपाशीनं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. गावात कुठेही बसा, गोष्ट वावरावरून सुरू व्हायची आणि सगळे गप्प बसले की संपायची. पण पोरांच्या बाबतीत लोकांचं एक पक्कं ठरलं होतं. आपलं झालं ते झालं, पोरगं वावरात नको. म्हणून अकोटच्या कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गावच्या फाट्यावर येऊन उभी राहायला लागली. ज्याला जमेल तो आपलं लेकरू टाय बांधून त्या गाडीत कोंबायला लागला. मी कोणाला काय म्हणणार? मीही आई असते तर तेच केलं असतं.

पण आमची पहिली ओस पडत चालली होती. आणि वरून निरोप आला, यंदा पहिलीचा पट भरला नाही तर ही शाळा नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेत मिळवून टाकू. कागदावर ते सोपं दिसतं. नाला पावसाळ्यात कसा फुगतो, ते कागदाला काय माहीत!

हे गावात कळलं त्याच दिवशी पहिलीतल्या सुकेशनीची आई शाळेत आली. निंदायला जाणारी बाई, कमरेला विळा तसाच. म्हणाली, “बाई, तुमची शाळा तिकडं गेली तं माही पोरगी घरीच बसन. नाल्याले पानी आलं का तिले कोन उचलून नेईन? मी का मजुरी सोडू?” सुकेशनी आईच्या मागे उभी राहून पाटीची कड चावत होती. सहा वर्षांची पोर, तिला आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हेही ठाऊक नव्हतं. तिच्यासारख्या बऱ्याच होत्या. शाळा गेली असती तर मला दुसरीकडे खुर्ची मिळाली असती. त्यांना काहीच मिळालं नसतं.

हेडसर माणूस सरळ. त्यांनी ठरवलं, पहिलीचा वर्ग रंगवायचा, बोलक्या भिंती करायच्या, म्हणजे पालक निदान डोकावतील तरी. चाचांना सांगावा धाडला. हत्ती, घोडा, उंट, मोर, आणि त्याखाली पुस्तकातली बडबडगीतं, असं व्यवस्थित समजावलं. चाचा “हौ, हौ” म्हणाले. लग्नसराईच्या कामात असे अडकले की उन्हाळा सरला आणि शाळा उघडल्यावर उगवले. त्यामुळे मी शिकवतेय, पोरं बसलीत, आणि बाजूला चाचा भिंत रंगवताहेत, असा आमचा वर्ग सुरू झाला. शिकवणं कसलं, सगळी पोरं भिंतीकडे तोंड करून!

पहिल्याच दिवशी दुपारी हेडसर बघायला आले. हत्तीच्या जागी एसटीच्या खिडकीत बसलेलं माकड होतं.

“चाचा, इथे हत्ती पाहिजे होता!”

“सर, पोट्टे माकड म्हनले.”

“पोरं म्हणतील ते काढणार तुम्ही?”

“मंग? पाहनार कोन हाये? तुमी का पयलीत बसता?”

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी खडूची डबी उघडून उगाचच खडू मोजायला लागले. हसू आवरत नव्हतं हो!

आता पंचाईत अशी, की एसटीतल्या माकडाचं गाणं कुठल्या पुस्तकात असणार? मग पोरांना घेऊन आम्हीच जोडलं. कोणी एक शब्द टाकायचा, कोणी दुसरा. तासाभरात तयार झालं:

माकड बसलं एस्टीत,
शेपूट राहिलं वस्तीत.
कंडक्टर म्हणे, तिकिटं दोन,
शेपटीचं देईल कोन?

चाचांनी ते माकडाखाली लिहिलं. अक्षर काय सांगू तुम्हाला! एकेक अक्षर ठसठशीत, खाली सावली दिलेली. पोरं ते गाणं म्हणत घरी गेली, घरून वावरात गेली, आणि आठवड्याभरात अकोटच्या बसमधला खराखुरा कंडक्टर मला तिकीट देताना म्हणाला, “बाई, शेपूट नाई ना आनली?”

चाचांची खरी अडचण त्यांचा हात. चित्र झालं की त्याखाली नाव लिहायचं असायचं. पोपट झाला. चाचांनी सुरेख वळणात लिहिलं ‘पोपट’, आणि त्याच दमात पुढे लिहून मोकळे झाले, ‘येथे मिळेल’.

“अहो चाचा!”

“काय झालं?” त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. कपाळही हिरवं झालं. “सवय, बाई. हात आपल्या मनानं चालते. मले इचारतच नाई.”

अस्वलाच्या वेळी मी लक्ष ठेवून होते, तरी मी फळ्याकडे वळले तेवढ्यात ‘सर्व प्रकारचे’ इथपर्यंत गाडी गेली होती. मी पुसायला निघाले, तर पोरांनी पुसू दिलं नाही. सर्व प्रकारचे अस्वल! राहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी सगळ्यात आधी येऊन पोपटासमोर उभी. चौथीतल्या कोणीतरी तिला खालचं वाचून दाखवलं होतं. मला म्हणाली, “बाई, येथे मिळन म्हने. कवा मिळन?” चाचांनी तोंडावरची रेषही न हलवता तिची पाटी मागून घेतली आणि पाटीच्या लाकडी कडेवर बोटभर पोपट काढून दिला. “घे. आपल्या दुकानात लबाडी नाई.” त्या दिवसानंतर तिनं पाटीची कड चावली नाही.

तुम्हाला आठवते का तुमची पहिलीची भिंत? मला माझी आठवते. अमरावतीची शाळा, खाली तरटाच्या पट्ट्या, ओल्या पाटीचा वास, आणि भिंतीवर रंग उडालेला एक ससा. त्याचा एक कान पोपडा पडून गेलेला. आम्ही गाणं म्हणत असताना मी त्या सशाकडे बघत असे आणि याचा कान कुठे गेला असेल, याची काळजी करत असे. मोठेपणी कितीतरी गोष्टी वाचल्या, पाहिल्या, विसरले. तो ससा काही विसरला जात नाही. आपल्या सगळ्यांच्या पोटात असा एकेक ससा बसलेला असतो, असं मला वाटतं, म्हणून मी चाचांच्या कामात कधी लुडबूड केली नाही.

एकदा मधल्या सुट्टीत आम्ही डबे खात बसलो होतो. चाचांच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझ्या डब्यातली भाजी त्यांना आवडायची नाही, ती “शहरातली” होती. मी सहज विचारलं, “चाचा, गावोगावच्या भिंतींवरच्या बियाण्याच्या जाहिराती तुम्हीच रंगवायचे ना? आता काहून नाही रंगवत?”

चाचांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“सोडलं ते काम. मीच लिवलं होतं ना भितीवर, भरघोस उत्पन्न. एवढाले बोंडं काढले होते, कोयीएवढे. मंग पीक गेलं. मी सायकलवर चाललो का पारावरचे लोकं पाहात. शिवी कोनी देल्ली नाई, अल्ला कसम. नुसते पाहात. एक म्हातारा म्हने, ‘चाचा, अक्षर तं चांगलं होतं तुमचं.’” त्यांनी डबा बंद केला. “हितं बरं हाये, बाई. हितं माकड एस्टीत बसलं काय आन इमानात बसलं काय, कोनाचं वावर जात नाई.”

उठून त्यांनी कासवाचे डोळे काढले. कासव आहे असं अजून कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

वर्ग सुंदर झाला, पण पट काही भरेना. पालक डोकावले, “मस्त केलं बाई,” म्हणाले, आणि लेकरं गाडीतच बसवत राहिले. हेडसर घरोघर फिरून थकले. पट कळवायची तारीख जवळ येत चालली, तसं त्यांचं बोलणं कमी झालं. चाचांचं काम खरं तर संपलं होतं. तरी एका सकाळी मी शाळेत आले तर फाट्याकडच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे पिवळी गाडी उभी राहायची बरोबर तिच्या समोर, दोन डोळे! आतल्यासारखे लहान नाहीत. परातीएवढे गोल, एकमेकांपासून चांगले दूर. आणि त्याखाली दुकानाच्या अक्षरात: ‘चौकशी आत करावी’.

“चाचा, हे काय?”

“सवय,” चाचा म्हणाले. पण दाढीआडून हसत होते. ती सवय होती की अक्कल, मला आजतागायत सांगता येत नाही.

गाडी आली. चालवणारा गजाभाऊ, गावचाच, गाडीही त्याची स्वतःचीच, मिशीवाला, आवाज मोठा. गाडीतल्या पोरांनी डोळे पाहिले आणि सगळी एका बाजूला जमा झाली. इकडून आमची चौथीची पोरं कोरसमध्ये वाचून दाखवायला लागली, “चौऽऽकशी आऽऽत करावी!” काचेआडून एक नाक, दोन नाकं, दहा नाकं. कोनाचे हायेत? कोन हाये आत? गाडी गेली तरी पोरांच्या माना मागे वळलेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन पोरं गाडीतून उतरून सरळ चौकशीला आत आली. चाचांनी त्यांना सांगितलं का? छे! आतलं माकड दाखवलं, अस्वल दाखवलं, तिकिटाचं गाणं म्हणवून घेतलं, आणि “बाहेरचं कोन हाये ते अजून ठरलं नाई, उद्या या,” म्हणून वाटेला लावलं. बाहेर गजाभाऊ हॉर्नवर हॉर्न.

“चाचा, काहून माह्या धंद्यावर पाय देऊन राहिले तुमी?”

“मी का केलं बावा? मी तं भिंत रंगवून राहिलो.”

“हे डोये पुसा पयले!”

“तूच सांग ना कोनाचे हायेत. मंग पुसतो.”

गजाभाऊनं डोळ्यांकडे बघितलं. घुबड म्हणावं तर घुबड नाही, बेडूक म्हणावं तर बेडूक नाही. तणतणत गाडीत जाऊन बसला.

असे काही दिवस गेले. गाडी रोज उशिरा सुटायला लागली. आणि तारखेच्या आदल्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, गजाभाऊ एकटाच दारात उभा. टोपी हातात. हेडसरांना वाटलं, भांडायला आला. ते उठून उभेच राहिले.

“सर, माही पिंकी दोन रोज झाले धड जेवत नाई. ते जनावर कोनतं हाये ते पुसून राहिली. तिले मी काय सांगू? एक डाव सांगून टाका, बावा.”

चाचा कोपऱ्यात ब्रश धूत होते. न बघताच म्हणाले, “चौकशी आत करावी लिवलं हाये. बापानं करावी असं कुठं लिवलं? पोरीले आन.”

गजाभाऊ गेला आणि पिंकीला घेऊन आला. बूट, मोजे, टाय, दोन वेण्या. गाडीवाल्याचीच पोरगी म्हणून तिची रोजची जागा पुढच्या सीटवर, गाडीतल्या सगळ्यांत तिचा मान मोठा. आमची पोरं घरी जायची सोडून भिंतीभोवती गोळा झाली. चाचांनी सगळ्यांना गप्प केलं. “आज कोनी बोम मारनार नाई. आज हे पोरगी सांगन.”

पिंकी भिंतीजवळ गेली. एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यापर्यंत चालत गेली. वळून बापाकडे बघितलं आणि म्हणाली, “बाबा, हे तं आपल्या गाडीचे लाइट हायेत!”

जो गलका उठला, तो पारापर्यंत गेला असेल. “गाडी! गाडी!” चाचांनी पिवळ्या रंगाचा डबा तिथेच उघडला. उजेड होता तोवर गाडी उभी राहिली. खिडक्यांतून माकड, बकरी, कासव डोकावताहेत, आणि स्टिअरिंगवर अस्वल. अस्वलाला मिशी. गजाभाऊ घरी जायलाच तयार नाही. “इंडिकेटर राहिलं, चाचा. आरसा राहिला. आन मिशी थोडी वर करा ना, तलवारवानी.” पोरांनी तिथल्या तिथे गाणं जोडलं:

पिवळी गाडी भरधाव,
अस्वल पुसते, कोनतं गाव?

पिंकीनं गाडी सोडून घरी जायला नकार दिला. रडून गोंधळ घातला. शेवटी गजाभाऊच हेडसरांसमोर बसला आणि म्हणाला, “लिवा सर, हिचं नाव. आता हे कॉन्व्हेंटात बसन असं मले वाटत नाई.”

गावाचं गणित कधी कधी असं साधं असतं. गाडीवाल्याचीच पोरगी इथे, मग आपण काहून पाठवा तिकडे? दुसऱ्या दिवशी सकाळी आया आल्या, आज्या आल्या, एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन आले. हेडसर नावं लिहिता लिहिता दोनदा चष्मा पुसायला थांबले. पट भरला. दुपारी सुकेशनीची आई वावरातून तशीच चिखलाच्या पायानं आली. बाहेरूनच ओरडली, “राहिली का शाळा?”

“राहिली!” मी म्हणाले.

“बरं झालं, माय,” म्हणाली आणि परत निंदायला गेली. मी मात्र फळ्याकडे तोंड करून चांगली रडून घेतली. आनंदानं रडायचीही मजा असते.

पुढे कॉन्व्हेंटला आमच्या गावात फारसं कोणी मिळेना. गजाभाऊ काही कमी नाही. त्यानं गाडी उलटी फिरवली आणि नाल्यापलीकडची, आसपासची पोरं आमच्या शाळेत आणायला लागला. दरवर्षी जूनमध्ये चाचा यायचे, पोपडे पडलेल्या जनावरांना पुन्हा रंग द्यायचे, नव्या पहिलीला पारखून बघायचे. “यंदाचे पोट्टे भल्ले आवाजाचे हायेत, बाई,” असा शेरा असायचा.

मग एक वर्ष आले नाहीत. कळलं, छातीचं दुखणं घेऊन अकोल्याला मुलीकडे आहेत. मी एका रविवारी भेटायला गेले. खाटेवर बसले होते. दाढी स्वच्छ पांढरी. एवढी पांढरी मी कधी पाहिली नव्हती, आणि मला ती मुळीच आवडली नाही. मुलीनं चहा केला. तिला म्हणाले, “या आमच्या बाई. माकडाचं गानं यायनंच लिवलं.” मी म्हटलं, पोरांनी लिहिलं. “तेच तं,” म्हणाले. मग धाप लागली. ती जरा ओसरल्यावर विचारलं, “पयलीत किती आले यंदा?”

“चाचा, बसायला जागा नाही. दाटीवाटीनं बसतात. उरलेली व्हरांड्यात बसवावी लागणार.”

चाचांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! “व्हरांड्यात? तिथली भित तं कोरी हाये ना?” त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. “पावसाया संपला का येतो. पोट्ट्यायले सांगजा.”

मी पोरांना सांगितलं, चाचा येतील, आधी नुसते डोळे काढतील, कोण बघतंय ते तुम्ही ठरवायचं. पावसाळा संपला. दिवाळीच्या सुट्टीत चाचा गेल्याचं गजाभाऊनं सांगितलं. तो गाडी घेऊन मातीला जाऊन आला होता.

सुट्टीनंतर शाळा भरली. व्हरांड्यातली पोरं आपापल्या पट्ट्यांवर येऊन बसली, पाट्या बाहेर काढल्या आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मी म्हटलं, “अरे, इकडे बघा, बाई इकडे आहेत.” त्यांच्यातली एक बारकी पोर भिंतीवरची नजर न काढता म्हणाली, “थांबा ना बाई. कोन पाहून राहिलं, ते अजून ठरलं नाई.”